घर जेव्हा शाळा होते : ऑनलाइन शिक्षण आणि पालकांचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या पालक मेळाव्यातील व्याख्यान)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे हा जसा आनंदाचा क्षण असतो, तसाच तो हिशेब तपासण्याचाही क्षण असतो. व्यापारी माणूस दिवाळीला वहीपूजन करतो. परंतु त्यापूर्वी जुन्या वहीचा ताळेबंद मांडतो. येणे किती, देणे किती, बुडीत किती, हे पाहिल्याशिवाय नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यात अर्थ नसतो. समाजाच्या वहीतील सर्वांत मोठी ठेव कोणती, असे विचारले तर उत्तर एकच येईल, ते म्हणजे मुलांचे शिक्षण. आणि नेमक्या त्याच खात्यात मार्च २०२० ते जानेवारी २०२२ या काळात एक मोठी नोंद अशी पडली आहे, जिचा ताळा अनेक घरांनी अद्याप करून पाहिलेला नाही.

दिव्याचे गाव

ट्रॉम्बे हे नाव देशाच्या विज्ञानाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिलेले आहे. १९५४ साली डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने येथे अणुसंशोधनाचे कार्य उभे राहू लागले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी येथेच कार्यान्वित झाली. पुढे १९६७ साली या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले. जवळच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, जेथे मुलांना विज्ञान आणि गणित कसे शिकवावे याचाच अभ्यास होतो. आणि याच खाडीच्या काठी जुना कोळीवाडा आहे, १९७६ साली जनता कॉलनीतून हलवलेल्या कुटुंबांनी वसवलेला चीता कॅम्प आहे, दोन-दोन खोल्यांची असंख्य घरे आहेत, छोटी दुकाने आहेत.

दिव्याखाली अंधार असतो असे म्हणतात. ज्या परिसरात अणूच्या गर्भातील शक्ती जोखणारे शास्त्रज्ञ कामाला येतात, त्याच परिसरात २०२० च्या पावसाळ्यात कितीतरी मुले एका मोबाइलभोवती तिघे-तिघे बसून शाळा शिकत होती. वडिलांनी मोबाइल दुकानात नेला की शाळाही त्यांच्या खिशातून निघून जात होती.

दोन वर्षांची नोंद

त्या काळाचे थोडे स्मरण करणे उचित ठरेल. मार्च २०२० च्या मध्यास कोरोनाच्या प्रादुर्भावामुळे राज्यातील शहरी शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून संपूर्ण देशात टाळेबंदी लागू झाली. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष आले, परंतु शाळेची घंटा वाजली ती मोबाइलवर. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला सुरू केली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ती तयार केली होती, आणि तिच्यासाठी इंटरनेटची गरज नव्हती. घरातील साधा दूरचित्रवाणी संच पुरत होता. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा भागात ‘बोलकी शाळा’ या उपक्रमात ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. ज्यांना शिकवायचे होते, त्यांनी भिंतीचा फळा केला आणि भोंग्याचा वर्ग केला. त्या सर्व ज्ञात-अज्ञात शिक्षकांना वंदन करणे हे समाजाचे कर्तव्यच आहे.

मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. पहिली ते सातवीच्या मुलांना १५ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये बहुतेक वर्ग पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीला परत सुरू झाले. याचा अर्थ असा, की जून २०२० मध्ये ज्या बालकाचे नाव पहिलीत घातले, त्याने पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. तो वर्गात प्रथम बसला तो दुसरीचे निम्मे वर्ष सरल्यावर. अक्षर गिरवताना बोट धरणारा शिक्षकाचा हात त्याला मिळाला नाही.

दुसरीकडे गुणांचा मात्र पूर आला. २०२१ साली दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला निकाल ९९.९५ टक्के होता. परंतु गुण वाढले म्हणजे ज्ञान वाढले असे नाही. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत असे आढळले, की ग्रामीण भारतात तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते, ते २०२२ साली २०.५ टक्क्यांवर आले. आकडे ग्रामीण भागाचे आहेत म्हणून शहरातील पालकांनी निर्धास्त राहण्याचे कारण नाही. मुंबईच्या शाळाही दीर्घकाळ बंद होत्या.

आज हा विषय कशासाठी

शाळा उघडल्या, मग आता ऑनलाइन शिक्षणाचा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याची उत्तरे दोन आहेत.

पहिले उत्तर असे, की ऑनलाइन शिक्षण आले ते परत गेलेच नाही. गृहपाठ व्हॉट्सअॅपच्या गटावर येतो, शिकवणीचे वर्ग झूमवर चालतात, दहावीनंतरच्या स्पर्धा परीक्षांची तयारी मुले यूट्यूबवर करतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शाळा बंद म्हणजे अभ्यासही बंद, अशी स्थिती होती. आज अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली तरी पुष्कळ ठिकाणी शिक्षक मोबाइलवर पाठ पाठवतात. घर हे कमी-अधिक प्रमाणात शाळा झालेलेच आहे, आणि ते तसेच राहणार आहे.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. जून २०२० मध्ये पहिलीत असलेली मुले २०३० साली दहावीच्या परीक्षेला बसतील. ज्या इमारतीचा पाया ऑनलाइन भरला गेला, ती इमारत त्या दिवशी खऱ्या वजनाला सामोरी जाईल. कापडाच्या ताग्यात आरंभी एखादा धागा सुटला, तर तो दुकानात कोणाच्या ध्यानात येत नाही. शिवलेला सदरा दोनदा धुतल्यावर उसवण दिसते. ती उसवण वेळीच हेरून टाका घालणे, हे घराचे काम आहे.

पडद्याला डोळे नसतात

वर्गात बसलेले मूल आणि पडद्यासमोर बसलेले मूल यांत मूलभूत अंतर कोणते? वर्गात शिक्षकाचे डोळे असतात. चाळीस मुलांतून कोणाच्या कपाळावर आठी पडली, कोण खिडकीबाहेर पाहत आहे, कोणाची पेन्सिल थांबली, हे अनुभवी शिक्षक फळ्याकडे पाठ वळवता वळवता टिपतो आणि तेथेच थांबून पुन्हा सांगतो. पडदा मात्र अखंड बोलत राहतो. मुलाला समजले की नाही, याची त्याला फिकीर नसते. मूलही हळूहळू एक युक्ती शिकते. हजेरी लावायची, कॅमेरा बंद करायचा आणि दुसरी खिडकी उघडायची. बाहेरच्या खोलीतून आईला शिक्षकांचा आवाज ऐकू येतो आणि तिला वाटते, मूल शिकत आहे.

म्हणून घरच्या शिक्षणात पालकांनी पहिली गोष्ट द्यायची ती म्हणजे आपले डोळे. येथे अनेक माता-पित्यांची अडचण अशी असते, की त्यांचे स्वतःचे शिक्षण मराठी, गुजराती किंवा हिंदी माध्यमात आठवी-दहावीपर्यंत झाले आणि मुले मात्र इंग्रजी माध्यमात शिकतात. “आम्हाला त्यातलं काय कळतंय?” असे म्हणून ते बाजूला होतात. ही नम्रता नव्हे, हा गैरसमज आहे. पालकाने शिक्षक व्हावे अशी अपेक्षाच नाही. साक्षीदार व्हावे, एवढीच अपेक्षा आहे.

खाखऱ्याचे गणित

एक घर डोळ्यांसमोर आणावे. पाचवीतील मुलगा मोबाइलवर अपूर्णांकांचा पाठ पाहून उठला आहे. आई स्वयंपाकघरात खाखरे शेकत आहे.

“काय शिकवलं रे आज?”

“फ्रॅक्शन्स. झालं गं आई, कळलं सगळं.”

“मग मला सांग बरं. अर्धा अधिक पाव किती?”

मुलगा वही पुढे करतो. एक छेद दोन अधिक एक छेद चार, बरोबर दोन छेद सहा. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. पडद्यावर पाठ पाहताना त्याने मान डोलावली होती, आणि पडद्याला त्याची वही दिसत नव्हती.

आई इंग्रजी शाळेत गेलेली नाही. ती एक खाखरा घेते, त्याचा अर्धा भाग ताटलीत ठेवते, त्याशेजारी पाव तुकडा ठेवते. मग दुसऱ्या खाखऱ्याचे सहा तुकडे करून त्यांतील दोन दुसऱ्या ताटलीत ठेवते आणि एवढेच विचारते, “तुझं उत्तर तर अर्ध्याहूनही कमी निघालं. अर्ध्यात पाव घातल्यावर ते कमी कसं होईल?” मुलगा दोन्ही ताटल्यांकडे पाहत राहतो. मग स्वतःच म्हणतो, “थ्री फोर्थ पाहिजे होतं.” आई हसते. तिच्या भाषेत त्याला पाऊण म्हणतात. दुकानात पाऊण मीटर कापड रोज मोजून दिले जाते, आणि त्या घरात त्या दिवशी पाऊण या शब्दाला प्रथमच गणिताचा मान मिळतो.

त्या मातेने छेद समान करण्याची रीत शिकवली नाही. ती शिक्षकच शिकवतील. तिने दोन गोष्टी केल्या. शिकलेले सांगायला लावले, आणि उत्तर खरे वाटते का हे तपासायला लावले. या दोन गोष्टींसाठी पदवी लागत नाही. आणि तिने जर “झालं ना? मग ठेव मोबाइल” एवढेच म्हटले असते, तर दोन छेद सहा हे उत्तर त्या मुलाबरोबर सहावीत गेले असते.

हा विचार समाजाला नवा नाही. जैन परंपरेत स्वाध्यायाला अंतरंग तप मानले आहे, आणि स्वाध्याय म्हणजे केवळ वाचन नव्हे. वाचनानंतर शंका विचारणे, म्हणजे पृच्छना, मग उजळणी, मग मनन, म्हणजे अनुप्रेक्षा, आणि शेवटी ते दुसऱ्याला समजावून सांगणे. मोबाइलवरील पाठ ही यांतील केवळ पहिली पायरी आहे. उरलेल्या पायऱ्या घरातच चढाव्या लागतात, आणि बहुतेक घरांत मूल पहिल्याच पायरीवर सोडून दिले जाते.

जागा, वेळ आणि साधन

दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र अभ्यासिका कोठून आणावी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु जागा मोठी नको, ठरलेली हवी. खिडकीजवळचा एक कोपरा, भिंतीकडे तोंड, खाली सतरंजी, पुढे पाट किंवा घडीचे टेबल. मोबाइल हातात नको. पुस्तकांच्या थप्पीला टेकवून डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा, म्हणजे मान झुकत नाही आणि हात वहीसाठी मोकळे राहतात. पलंगावर लोळून पाहिलेला पाठ हा पाठ नसतो, तो करमणुकीचा कार्यक्रम असतो. त्या वेळेपुरता दूरचित्रवाणी संच बंद असावा, कुकर आधी किंवा नंतर लावावा, आणि पाहुणे आले तरी मुलाला पाणी आणायला उठवू नये. शाळेत चालू तासातून मुलाला कोणी उठवत नाही. घरच्या तासालाही तोच मान हवा.

ज्या घरात एक मोबाइल आणि दोन मुले आहेत, तेथे वेळापत्रक कागदावर लिहून भिंतीला लावावे. येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. अशा घरांत पुष्कळदा मोबाइल मुलाच्या वाट्याला येतो आणि मुलीच्या वाट्याला भांडी येतात. कोणी मुद्दाम अन्याय करतो असे नाही. सवयीने तसे घडते. वेळापत्रक लिहिले की ही सवय कागदावर उघडी पडते आणि दुरुस्त करता येते.

मोबाइल वडिलांबरोबर दुकानात जात असेल, तर पाठ आदल्या रात्री उतरवून ठेवता येतात. आणि येथे घरातील एका जुन्या शिस्तीचा उपयोग होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांत रात्रीचा स्वयंपाक, ताटे, आवराआवर नसते. इतर घरांत जो वेळ जेवणाच्या धावपळीत जातो, तो येथे मोकळा मिळतो. त्यातील पाऊण तास संपूर्ण घराने अभ्यासाला दिला, वडिलांनी आपला हिशेब, आजोबांनी आपले वाचन आणि मुलांनी आपली वही घेऊन बसायचे ठरवले, तर वेगळ्या शिस्तीची गरज उरत नाही. मोठी माणसे मोबाइल चाळत असताना मुलांना “अभ्यासाला बस” म्हणणे निष्फळ असते.

साधन महागडे लागते हाही भ्रम आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड ‘दीक्षा’ या शासकीय अॅपवरून उघडले, की त्या धड्याचे साहित्य विनामूल्य मिळते. या कल्पनेमागे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे प्रयोग होते. त्याबद्दल डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. छोट्या गावातील शिक्षकाने जे सुरू केले, ते मुंबईतील घराच्या दप्तरात पडून आहे. पुष्कळ पालकांनी तो चौकोनी शिक्का कशासाठी आहे हे पाहिलेलेही नाही. आजच घरी गेल्यावर पुस्तक उघडून पाहावे, एवढीच विनंती.

अभ्यासाचा रोजमेळ

दुकानदार रात्री गल्ला मोजल्याशिवाय कुलूप लावत नाही. विक्री थोडी असो वा फार, रोजमेळ लिहिलाच जातो. तसा मुलाच्या अभ्यासाचाही रोजमेळ असावा. एका साध्या वहीत दररोज तीन ओळी, मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या : आज काय शिकलो, काय कळले नाही, उद्या कोणाला काय विचारायचे. खाली आई किंवा वडिलांची सही. पाच मिनिटांचे काम आहे.

यातील दुसरी ओळ सर्वांत मोलाची. ज्या वहीत ‘काय कळले नाही’ ही ओळ आठवडाभर कोरी आहे, ती वही खरी नाही असे समजावे. रोज नफाच दाखवणारी वही कोणताही हिशेबनीस संशयानेच पाहतो. मात्र ती ओळ लिहिल्याबद्दल मूल रागावणीस पात्र ठरले, तर ते पुन्हा कधीही ती लिहिणार नाही. “एवढं पण कळत नाही?” हे घरातील सर्वांत महागडे वाक्य आहे. त्याची किंमत मूल वर्षानुवर्षे मौनाने चुकवते.

आठवड्याची वही हाती असली, की शिक्षकांशी बोलणेही सोपे होते. “मुलाचं कसं चाललंय?” या प्रश्नाला “ठीक आहे” यापलीकडे उत्तर मिळत नाही. परंतु “त्याला भागाकारात उरलेल्या बाकीचं काय करायचं ते कळत नाही,” असे सांगितले, तर शिक्षकालाही हुरूप येतो आणि उपाय निघतो. पालकांनी गटावर शुभेच्छांची चित्रे पाठवण्याऐवजी असा एक नेमका प्रश्न पाठवावा.

आजी-आजोबांचे या कामातील स्थान अनन्यसाधारण आहे. नातवाने शिकलेला धडा आजीला तिच्या भाषेत समजावून सांगायचा, असा परिपाठ ठेवला तर दोन कामे साधतात. आजीला समजले नाही, म्हणजे नातवाला अजून पुरते समजलेले नाही, ही त्याची खूण.

शरीर आणि सुरक्षितता

जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत पूर्वप्राथमिक मुलांसाठी दिवसाला तीस मिनिटांहून अधिक नाही, पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रे, अशी मर्यादा सांगितली होती. टाळेबंदीतील ही मर्यादा आजही घरासाठी चांगला मापदंड आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, म्हणजे डोळ्यांचा ताण कमी होतो. दिवसाच्या उजेडात मैदानावर घालवलेला वेळ मुलांना लांबचे पाहण्यासाठी लागणाऱ्या चष्म्यापासून बऱ्याच अंशी वाचवतो, हे नेत्रतज्ज्ञांनी मान्य केलेले आहे. मोबाइल दाखवून घास भरवणे आणि मोबाइल उशाशी घेऊन झोपणे, या दोन सवयी मात्र निश्चयाने मोडाव्यात. रात्री सर्व मोबाइल बैठकीच्या खोलीत एका ठिकाणी चार्जिंगला लावावेत. मोठ्यांचेही.

सुरक्षिततेविषयी थोडक्यात. अभ्यासासाठी दिलेल्या मोबाइलमध्ये बँकेचे अॅप उघडे नसावे. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे मुलाला नीट समजावून द्यावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० आणि मूल संकटात असल्यास १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडद्यावर काही विपरीत दिसले, कोणी अनोळखी माणसाने फोटो मागितला किंवा धमकी दिली, तर मूल प्रथम आई-वडिलांकडेच यायला हवे. ते येईल की नाही, हे आधीच्या शंभर लहान चुकांच्या वेळी त्याला घरात कशी वागणूक मिळाली यावर ठरते.

खरे गुण

आता एक अवघड विषय. टाळेबंदीच्या काळात घरबसल्या परीक्षा झाल्या, तेव्हा अनेक घरांत मूल कॅमेऱ्यासमोर बसले होते आणि कॅमेऱ्याच्या मागे पुस्तक उघडे धरलेले होते. ते पुस्तक कोणी धरले होते, हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. हेतू प्रेमाचाच होता. वर्ष वाया जाऊ नये, मुलाचे मन मोडू नये, असेच वाटत होते. परंतु त्या दिवशी मूल दोन धडे शिकले. एक, की अभ्यास न करताही गुण मिळतात. आणि दुसरा, की आई-वडिलांच्या मते ते चालते.

ज्या समाजात सत्य आणि अचौर्य या व्रतांचे पाठ लहानपणापासून दिले जातात, त्या समाजाने हा प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. मापात खोट करणारा दुकानदार एका गिऱ्हाइकाला फसवतो. गुणांत खोट करणारा पालक आपल्याच लेकराला फसवतो, आणि ते लेकरू तक्रार करायला येऊ शकत नाही, कारण आपण फसवले गेलो हे त्याला कित्येक वर्षे कळतच नाही. २०२२ च्या अखेरीपासून तर विचारताच संपूर्ण निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांच्यावर बंदी घालून भागणार नाही. उत्तर कोठून आणले, हे मुलाने निर्भयपणे सांगावे. आणि आणलेले उत्तर मोबाइल मिटून स्वतःच्या शब्दांत सांगता आले तरच ते त्याचे मानावे, हा नियम पुरेसा आहे. झालेल्या चुकीवर उपायही सोपा आहे. मुलाला जवळ घेऊन म्हणावे, “त्या वेळी आमचं चुकलं. तुला जे राहिलं आहे, ते आता आपण मिळून भरून काढू.” पालकांच्या तोंडून आलेली क्षमायाचना ही मुलाच्या शिक्षणाची उत्तम सुरुवात ठरते.

समाजाची जबाबदारी

प्रत्येक घर एकट्याने हे सर्व करू शकेल असे नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही गोष्टी एकत्र येऊन करता येण्याजोग्या आहेत. सभागृह बहुतेक संध्याकाळी रिकामे असते. तेथे दोन तास इंटरनेटसह शांत अभ्यासिका चालू शकते. घराघरांत खणात पडलेले जुने मोबाइल दुरुस्त करून गरजू मुलांना देता येतात. परिसरात निवृत्त अभियंते, शिक्षक आणि बँक कर्मचारी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली, तर रोजमेळातील ‘काय कळले नाही’ या ओळीला उत्तर मिळेल.

आणि ही अभ्यासिका केवळ समाजाच्या मुलांसाठी नसावी. दुकानात ताके उचलणाऱ्या माणसाचा मुलगा, घरी भांडी घासणाऱ्या ताईंची मुलगी, यांनीही तीच दोन वर्षे गमावली आहेत, आणि त्यांच्या घरी खिडकीजवळचा कोपराही नाही. येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण अगत्याचे आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या या महापुरुषाने १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवली. त्या मुलांच्या मुखात घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकू दिले, मंगळसूत्रही त्याला अपवाद राहिले नाही. त्या त्यागापुढे एक जुना मोबाइल आणि आठवड्यातील दोन तास ही फार मोठी मागणी नव्हे.

समारोप

सुवर्णमहोत्सवाची ही स्मरणिका घरोघरी जाईल. काही दिवस ती दिवाणखान्यात राहील, मग कपाटात जाईल. परंतु त्याच घरात एक मूल या क्षणी पडद्यासमोर बसलेले असेल. त्याला महागडी साधने, मोठ्या शिकवण्या यांहून अगोदर एक गोष्ट हवी आहे. पाठ संपल्यावर कोणीतरी शेजारी बसावे आणि विचारावे, “आज काय शिकलास, मला सांग.” आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.

२०३० साली ती पहिलीची मुले दहावीच्या परीक्षा मंडपात बसतील. तेथे कॅमेऱ्यामागे कोणी उभे नसेल, कानात कोणी पुटपुटणार नाही. त्या तीन तासांत त्यांच्याजवळ तेवढेच असेल, जेवढे या वर्षांत त्यांच्या घरांनी त्यांच्या मनात रुजू दिले. नव्या वहीचे पहिले पान उघडताना समाजाने ही एक रक्कम येण्याच्या बाजूला लिहून ठेवावी आणि ती वसूल होईपर्यंत स्वस्थ बसू नये, हीच नम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!